उलट भरलेलं चाक

“ही चाकं कुणी केली?”

केळशीकरांनी हे मला विचारलंच नाही. त्यांनी विचारलं ते माझ्या डोक्यावरून, मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या वडिलांना. मी टेबलाच्या अलीकडे पदराला सतरा नंबरचा बिल्ला टाचून उभी होते, आणि माझ्यात नि त्यांच्यात माझी मोटारसायकल होती, दीड वीत लांबीची.

“मी केली,” मी म्हणाले.

“गाडी तू केलीस हे फॉर्मवर आहे. मी चाकांबद्दल विचारतोय.”

“चाकांशिवाय गाडी कशी होईल? ती पण मीच केली.”

केळशीकर हसले. ते त्या प्रदर्शनाचे कार्यवाह. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि बोलणं असं की समोरच्याला वाटावं, आपल्यावर सकाळपासून उपकारच चाललेत. एकोणीसशे सत्त्याऐंशी सालची ही गोष्ट. पुण्यात एका शाळेच्या हॉलमध्ये वाहनांच्या छोट्या प्रतिकृतींची स्पर्धा भरली होती. आगगाड्या, छकडे, एस.टी., जहाजं, सगळं मांडीवर मावेल एवढं. बत्तीस स्पर्धक आणि त्यांत बाई मी एकटी. मला बावीस पूर्ण झाली होती आणि तोंड त्याहून जुनं होतं.

“नियम वाचलास ना?” केळशीकर म्हणाले. “प्रत्येक भाग स्पर्धकानं स्वतः केलेला हवा.”

“वाचला. म्हणूनच आले.”

मागे आबांनी खिशातली चुन्याची डबी काढली, आपण शाळेत आहोत हे आठवून परत ठेवली. 

आबा म्हणजे रंगराव लोहार. मिरजेत स्टेशनच्या रस्त्याला त्यांचं सायकलचं दुकान होतं. पंक्चर काय, कुणीही काढतं. पण चाक भरायला, म्हणजे मोकळ्या रिमपासून मधल्या हबपर्यंत एकेक तार ओवून, ताणून चाक उभं करायला, लोक सांगलीहून आबांकडे यायचे. स्पोकला आमच्या घरात तारच म्हणत. शेजारी सतारी बनवणाऱ्यांची दुकानं. त्यांचं तारा जुळवणं दिवसभर कानावर पडून आबांनाही खोड लागली होती. चाक भरून झालं की ते प्रत्येक तार नखानं छेडायचे. ढिली तार बद्द बोलते, ताणलेली टणकन बोलते. सगळ्या एका सुरात बोलल्या की म्हणायचे, “झालं. आता ह्ये हालत न्हाई.”

मी आठ वर्षांची असल्यापासून त्यांच्यासमोर बसून हे बघत होते. समोर म्हणजे अगदी समोर. ते पाटावर, मध्ये उभं चाक, आणि चाकाच्या पलीकडे पोत्यावर मी. त्यांच्या शेजारी बसायला जागा नव्हती, तिथं हत्यारांची पेटी असायची. चौदाव्या वर्षी मी पहिलं चाक भरलं. आबांनी ते हातात घेतलं, फिरवलं, छेडलं आणि माझ्या डोक्यात टपली मारली.

“उलटं भरलंयस की गं!”

त्याचं असं असतं. चाकाच्या एका बाजूच्या निम्म्या तारा आधी सरळ ओवून घ्यायच्या आणि मग हब हातानं पिळायचा. पिळला की त्या सगळ्या तारा एका अंगाला कलतात. उरलेल्या तारा मग त्यांना आडव्या छेदून दुसऱ्या अंगाला भरायच्या. आबा हब उजवीकडे पिळायचे. चाकाच्या पलीकडून बघणाऱ्या मला तो डावीकडे जाताना दिसायचा. सहा वर्षं मी तेच बघितलं आणि तेच माझ्या हातात बसलं.

उलटं चाक काही मोडत नाही. सुलट्याएवढंच पळतं, ओझंही तेवढंच झेलतं. पण आबा कसले ऐकतात! “चालतंय, पर उलटं हाय,” असं म्हणायचे आणि माझं चाक सोडवून परत स्वतः भरायचे. माझ्या हातचं एकही चाक त्यांनी कधी गिऱ्हाइकाच्या सायकलला लावलं नाही. पुढे माझा मोठा चुलतभाऊ म्हादू दुकानात बसायला लागला, सुलटी चाकं भरायला लागला, आणि मला सांगण्यात आलं की पोरीच्या जातीनं रस्त्यावर मांडी ठोकून सायकली उलट्यापालट्या करणं बरं दिसत नाही.

मग मी छोटी चाकं भरायला लागले. रागानंच म्हणा ना. घरात बसून करायचं, रस्त्यावरच्या कुणाला दिसत नाही, मग कुणाला बरं दिसायचा प्रश्नच कुठे येतो?

बाजारातल्या खेळण्यातल्या मोटारसायकली मी बघितल्या होत्या. त्यांच्या चाकात प्लास्टिकच्या जाडजूड काड्या असायच्या, मोजून दहा-बारा, हबमधून सरळ बाहेर आलेल्या. खरं चाक असं कधी दिसतं का? खऱ्या चाकाच्या तारा लांबून असून नसल्यासारख्या दिसतात. मधून पलीकडचं सगळं दिसतं आणि एवढं मोठं धूड त्या नसल्यासारख्या तारांवर उभं असतं. ते जमलं तर गाडी खरी, नाहीतर नुसता रंगवलेला पत्रा.

तार मला सतारवाल्यांच्या दुकानात मिळाली. त्यांच्याकडची सगळ्यात बारीक पोलादी तार, जुळवताना तुटलेली, त्यांच्या दृष्टीनं केर. तारेचं टोक रिममध्ये जिथं बसतं, तिथं खऱ्या चाकात एक पितळी टोपी असते. तेवढी छोटी टोपी आणायची कुठून? दोन महिने डोकं खाजवलं. मग हॉस्पिटलमधले कंपाउंडर निंबाळकरकाका टोचून टोचून बोथट झालेल्या सुया टाकून द्यायचे, त्या आठवल्या. इंजेक्शनची सुई म्हणजे आतून पोकळ नळीच. तिचे ज्वारीच्या दाण्याहून लहान तुकडे कापले आणि माझी तार आत बरोब्बर गेली. शिवणाच्या सुईला धार लावून तिनं हबच्या चकत्यांना भोकं पाडली, एका बाजूला वीस, दुसऱ्या बाजूला वीस. रिम पितळेच्या पट्टीची, लाकडी गोलावर वाकवून कथलाचा डाग देऊन जोडलेली. प्रत्येक तारेला वजन म्हणून एक नट बांधून खाली लोंबकळत ठेवायचा, तार ताणली की डाग द्यायचा. एका चाकाला चाळीस तारा. पहिली चार चाकं मी उकिरड्यात फेकली. पाचवं छेडलं, तर चाळीसही तारा डासाएवढ्या आवाजात, पण एका सुरात बोलल्या. मी एकटीच घरभर नाचले.

गाडी होती आमच्याकडच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांची. जुनी इंग्रजी मोटारसायकल, आबांच्या दुकानात सारखी यायची, त्यामुळे तिचा नटनट मला पाठ होता. मूळ गाडीच्या सहाव्या हिश्श्याएवढी मी ती घडवली. दीड वर्ष लागलं. वर्तमानपत्रात स्पर्धेची जाहिरात आली तेव्हा मी तो कागद आबांच्या ताटाशेजारी ठेवला.

आबांनी आधी भाकरी संपवली. मग म्हणाले, “पुण्याला जाती म्हणतीस? जाऊ. तुझ्या नावानं नंबर आला तर दुकानात माझ्या पाटावर बस. म्हादूला मी सांगतो. न्हाई आला तर ह्ये तारांचं खूळ बंद, आन् मामा आणतोय ती स्थळं गुमान बघायची.”

“पहिलाच नंबर पाहिजे का?”

“कुठलाबी आण. पर तुझ्या नावानं.”

आणि आता केळशीकर विचारत होते, ही चाकं कुणी केली.

त्यांच्या शेजारी ओगले नावाचे दुसरे परीक्षक बसले होते. निवृत्त इंजिनिअर, किडकिडीत, डोळ्याला भिंग लावून माझ्या मागच्या चाकात शिरल्यासारखे वाकलेले. आता मान वर न करता म्हणाले, “चाळीसच्या चाळीस आहेत हो. प्रत्येक तार दुसऱ्या तिघींना ओलांडते. आणि टोप्यासुद्धा आहेत. मी असं काम उभ्या जन्मात बघितलेलं नाही.”

“तेच म्हणतोय मी,” केळशीकर म्हणाले. “आधी मला वाटलं परदेशातून मागवली. पण मिरजेच्या मुलीकडे परदेशातून कोण पाठवणार?” ते आबांकडे वळले. “आपण काय करता?”

“सायकलीचं दुकान हाय.”

“चाकं भरता?”

“व्हय. बत्तीस वरसं झाली.”

“अहो, मग प्रश्नच मिटला!” केळशीकरांनी हात पसरले. “चाकं तुमची. मुलीनं रंग वगैरे दिला असेल, मदत केली असेल. चांगलंच आहे. आपण असं करू. हा कोरा फॉर्म घ्या. तुमचं नाव घाला, सही करा. खुल्या गटातला पहिला क्रमांक या गाडीचाच आहे, ओगलेसाहेबांचे गुण मी बघितलेत. मुलीला आपण महिला स्पर्धक म्हणून उत्तेजनार्थ देऊ. दोघांचाही मान राहील.”

पी हळद आणि हो गोरी, इतकं सोपं! मला वाटलं, आबा आता म्हणतील, साहेब, पोरीनं केलंय. एवढंच तर म्हणायचं होतं. माझी दीड वर्षं त्यांनी डोळ्यांनी बघितली होती. जेवताना मी बोटांना चिंध्या बांधून बसायचे, ते बघितलं होतं.

आबांनी फॉर्म घेतला. तो लांब धरून सावकाश वाचायला लागले.

“पहिला नंबर म्हंजे,” ते म्हणाले, “पेपरात नाव येतंय का?”

“फोटोसकट,” केळशीकर म्हणाले.

आबांच्या आयुष्यात कुणी त्यांना हार घातला नव्हता. गावातल्या निम्म्या सायकली त्यांच्या चाकांवर पळत होत्या, पण त्यांचं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. ‘स्टेशनवरचा सायकलवाला’ एवढंच. हे मला आज कळतं. त्या दिवशी मला दिसत होता तो फक्त त्यांचा अंगठा, कागदाच्या कडेवरून पुन्हापुन्हा फिरणारा. ते सही करणार, असं मला वाटलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आपलेच दात नि आपलेच ओठ, बोलणार कुणाला?

वाटेत एखादी तार तुटली तर म्हणून मी डबा बरोबर आणला होता. तो उघडला, छोटा कटर काढला, गाडीचं मागचं चाक सोडवून हातात घेतलं आणि तारा कापायला सुरुवात केली.

टिंग. टिंग. टिंग.

“शाले!” आबा ओरडले.

“अहो, काय करताय हे?” ओगले अर्धवट उठले. त्यांचा हात पुढे आला होता, जणू मी एखादं लेकरूच आपटतेय.

मी चाळीसही तारा कापल्या. हब टेबलावर पडला आणि घरंगळत केळशीकरांच्या पुढ्यात जाऊन थांबला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, हे मला तेव्हाही कळत होतं. पण कळून करण्यात एक वेगळीच मजा असते.

“आता हे चाक मोडलं,” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता आणि मी तो उतरवला नाही. “ज्यानं केलं त्यानं परत भरावं. वडिलांनी केलं म्हणता ना? द्या त्यांच्या हातात. नाहीतर मला द्या. आत्ता दोन वाजलेत. तुमचं बक्षीस पाचाला आहे.”

“हा काय तमाशा चालवलाय!” केळशीकरांची इस्त्री आता मोडली. “इथं पाहुणे यायचेत. ही काय तालीम आहे का?”

“तमाशा तुम्ही मांडलात. मी फक्त ढोलकीवर थाप टाकली.”

आजूबाजूचे स्पर्धक आपापली टेबलं सोडून जवळ आले होते. कुणीतरी फिस्कन हसलं. केळशीकर काही बोलणार, तेवढ्यात ओगले शांतपणे म्हणाले, “बसू दे तिला. मला बघायचंय.”

मी टेबलावरचा हब उचलला आणि तिथंच फरशीवर मांडी ठोकून बसले. बरं दिसत नाही ते सगळं एकदमच करून घ्यावं म्हटलं. एका पोरसवद्या प्राध्यापकानं, त्याची बोट होती नऊ नंबरला, आपल्या दिव्याची वायर काढून माझ्या डाग द्यायच्या विजेच्या सळईला जागा करून दिली. मी आधी रिममधली जुन्या तारांची थोटकं कथील वितळवून काढली. त्यात अर्धा तास गेला. मग हब लाकडी ठोकळ्यावर उभा केला, भोवती रिम बसवली, हबच्या ज्या अंगाला ब्रेकचा ड्रम, म्हणजे गोल डबी, ती बाजू माझ्याकडे घेतली आणि पहिली तार ओवली.

ती तुटली. दुसरी बोटात घुसली आणि रक्ताचा थेंब फरशीवर पडला.

“राहू दे आता,” वरून केळशीकर म्हणाले. आवाजात पुन्हा उपकार आले होते. “झालं तेवढं पुरे.”

“पाच वाजले का?” मी विचारलं.

“नाही.”

“मग बाजूला सरका. उजेड अडतोय.”

मी बोट तोंडात घातलं, चोखलं, पदराला पुसलं. तिसरी तार बसली. चौथी बसली. त्यानंतर हात आपोआप चालायला लागले आणि मला हॉल दिसेनासा झाला. दहा तारा सरळ उभ्या राहिल्या. आता पिळायची वेळ. मी रिम डाव्या हातानं दाबली, उजव्या हाताच्या चिमटीत हब धरला आणि वळवला. दहाही तारा एकदम कलल्या. हे बघायला मला अजूनही आवडतं.

“थांब,” ओगले म्हणाले. ते माझ्यासमोर गुडघ्यावर बसले होते. “हे तू उलट वळवलंस.”

माझे कान तापले. आठ वर्षांपूर्वीची टपली पुन्हा डोक्यात बसली, या वेळी शंभर माणसांदेखत.

“मी मोटारसायकली खोललेल्या आहेत,” ओगले इतरांना सांगत होते. भांडायचं म्हणून नव्हे, खरंच गोंधळून. “कारखान्यातून येणारं चाक असं नसतं. ड्रमच्या बाजूनं बघितलं की बाहेरच्या तारा या अंगाला जातात. हिनं त्या विरुद्ध अंगाला नेल्या.”

केळशीकरांना तेवढंच पाहिजे होतं. “बघा!” ते टाळी वाजवून म्हणाले. “पोरीला भरता सुद्धा येत नाही. बापाचं लांबून बघितलंय, त्याची नक्कल चाललीय. आणि तीही चुकीची. ओगलेसाहेब, अजून काय पुरावा पाहिजे?”

“माझा हात असाच वळतो,” मी म्हणाले. मान खाली घातली नाही, पण आवाज हवा तेवढा निघाला नाही. मी आबांकडे बघितलंच नाही. बघितलं असतं तर रडले असते आणि त्या माणसासमोर मला रडायचं नव्हतं.

तेव्हा आबांच्या चपला वाजल्या. गर्दीतून वाट काढत ते टेबलापाशी आले.

“साहेब,” ते ओगल्यांना म्हणाले, “गाडीचं म्होरलं चाक बघा. ते तिनं कापलं न्हाई. ड्रमच्या बाजूनं बघा.”

ओगले उठले. भिंग डोळ्याला लावलं, गाडीवर वाकले. हॉलमध्ये कुणाची तरी छोटी आगगाडी रुळावर फिरत होती, तेवढाच आवाज. ओगले बराच वेळ वाकलेले राहिले. मग त्यांनी भिंग काढलं.

“हेही उलट आहे,” ते म्हणाले.

“असणारच,” आबा म्हणाले. “मी बत्तीस वरसं चाकं भरतोय. मी भरली असती तर सुलटी झाली असती. समोर बसून शिकली वो ती, म्हणून तिचा हात तिकडं वळतोय. उलटं चाक भरणारं माणूस सगळ्या मिरजेत एकच हाय. लई सांगितलं. ऐकत न्हाई.”

आधी प्राध्यापक हसला. मग ओगले हसले, मग सगळाच हॉल. आबा हसले नाहीत. ते माझ्याशेजारी खाली बसले आणि फरशीवर उडालेले तारांचे तुकडे एकेक करून वेचायला लागले, कुणाच्या पायात जातील म्हणून. वेचलेले तुकडे त्यांनी केळशीकरांच्या कोऱ्या फॉर्ममध्ये घातले, त्याची घट्ट पुडी बांधली आणि खिशात ठेवली.

“भर की,” ते मला म्हणाले. “थांबलीस कशाला?”

मी पुढची तार ओवली. डोळ्यांत पाणी आल्यामुळे भोक सापडायला जरा वेळ लागला.

ओगले मात्र पक्के इंजिनिअर. ते पुन्हा माझ्यासमोर बसले. “तुला एक सांगायला पाहिजे,” ते म्हणाले. “चाकं तुझी आहेत यात आता मला शंका नाही. पण ही प्रतिकृतीची स्पर्धा आहे. मूळ गाडीत तारा सुलट्या आहेत. तुझ्या उलट्या आहेत, म्हणजे ती चूक झाली. मला तीन गुण कापावे लागतील.”

“कापा.”

“तीन गुण गेले तर पहिला नंबर जातो.”

“जाऊ द्या,” मी म्हणाले. “पण माझ्या नावावरचे कापा.”

पाच वाजले तेव्हा चाक निम्मंच भरलं होतं, पण ओगल्यांनी तीन कापून बाकीचे गुण चाक मोडण्याआधीचेच धरले. पहिला नंबर एका वाफेच्या इंजिनाला गेला. चांगलं होतं ते इंजिन, मी आजही म्हणेन. दुसरा सतरा नंबरला. पाहुण्यांनी माझ्या हातात प्रमाणपत्र ठेवलं आणि टाळ्या चालू असतानाच मी ते वाचलं. वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘कु. शालन रंगराव लोहार’, आणि त्याखाली दुसऱ्या ओळीत, ‘वडिलांच्या मार्गदर्शनाखाली’. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा.

केळशीकर शेजारीच उभे होते, हसतमुख. मी त्यांच्या खिशातलं एक पेन काढून घेतलं, पाहुण्यांच्या टेबलावर प्रमाणपत्र ठेवलं आणि दुसरी ओळ खोडली. एकदा खोडून मन भरलं नाही म्हणून दोनदा खोडली. पेन टोपण लावून परत त्यांच्या खिशात ठेवलं. पाहुण्यांना वाटलं, मी सही करतेय. त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

येताना एस.टी.त गाडी माझ्या मांडीवर, अर्धवट भरलेलं चाक डब्यात. कराडच्या स्टँडवर आबांनी भजी आणली, माझ्यासमोर कागद धरला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, “मी सही करणार हुतो गं.”

“मला माहीत आहे,” मी म्हणाले.

“पेन मागायला तोंड उघडत हुतो. तेवढ्यात तू कापलंस.”

मी एक भजं उचललं. राग गेला होता असं नाही. पण त्यांनी ते आपणहून सांगितलं आणि त्या रागाचं पुढे काय करायचं ते मला कळेना. आम्ही भजी संपवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात गेले. आबांच्या पाटाशेजारची हत्यारांची पेटी जागेवर नव्हती. ती पार मागे भिंतीला सरकवलेली होती आणि म्हादू तोंड पाडून एका ट्यूबला ठिगळ लावत होता. कुपवाडचे एक दूधवाले आपली सायकल घेऊन आले होते. चाळीस लिटरची किटली वाहून वाहून मागचं चाक वाकलेलं. आबांनी नवी रिम काढली, तारांचा जुडगा काढला आणि सगळं पाटासमोर ठेवून स्वतः बाजूच्या पोत्यावर बसले.

“बस,” ते म्हणाले.

दूधवाले माझ्याकडे बघायला लागले. “रंगराव, पोरगी भरणार व्हय?”

“पुण्याला नंबर आलाय तिचा,” आबा म्हणाले. “घाई आसंल तर म्होरं दुसरं दुकान हाय.”

दूधवाले थांबले. मी पाटावर बसले. पदर खोचला, हब मांडीवर घेतला आणि विचारलं, “सुलटं भरू का?”

“सुलटं तुला येतंय का?”

“नाही.”

“मग कशाला इचारतीस? तुझ्या हाताला येतंय तसं भर. कुणी भरलंय ते कळू दे की लोकास्नी.”

तासाभरात चाक झालं. आबांनी ते माझ्या हातातून घेतलं, फिरवलं, कानाशी धरलं आणि नखानं छेडत गेले. चाळीसही तारा झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून छेडत गेले. एखादी तरी ढिली सापडावी अशी त्यांची फार इच्छा असावी. सापडली नाही. मग त्यांनी पाना उचलला, दूधवाल्यांची सायकल स्वतःकडे ओढली आणि माझं चाक तिला लावलं.